चंद्रकोरीची खूण

सकाळी सात वाजता द्वारका कायंदे उजव्या मनगटाला पट्टा बांधायची, बोटात परागाची अंगठी सरकवायची आणि शेडनेटमधल्या पहिल्या ओळीशी जाऊन उभी राहायची. त्याच घटकेला, ज्यांची नावंही तिनं कधी ऐकली नव्हती अशा कितीतरी रानांत काचेची बोटं एकदम जागी व्हायची. द्वारकाला त्याची गंधवार्ता नव्हती. ती आपली फुलांशी बोलत, गुणगुणत पुढं सरकायची:

पिवळ्या फुला बाई, भिऊ नको चिमट्याला
तुझ्या पोटीचं बियाणं जाईल दूरच्या देशाला

एकविसावं शतक उताराला लागलं होतं. नांगरणी, पाणी, फवारणी, तोडणी, सगळं यंत्रांच्या हवाली करून माणसं मोकळी झाली होती. टोमॅटोचं फूल तेवढं हट्टी निघालं. या फुलात नर आणि मादी एकाच घरात नांदतात. दोन वेगळ्या जातींचं संकरित बी हवं असेल, तर कळी उमलायच्या आदल्या दुपारी ती हलक्या हातानं उघडावी लागते. आतली पुंकेसरांची पिवळी नळी चिमट्यानं ओढून काढायची, पण मधल्या नाजूक स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही. मग दुसऱ्या दिवशी सकाळी त्या केसराच्या टोकाला परक्या जातीचा पराग टेकवायचा. तो पराग ठेवायला बाया बोटात अंगठी घालतात. तिच्यावर खड्याच्या जागी तुरीच्या डाळीएवढी वाटी असते.

कळी किती मऊ लागली की उघडायची, ढगाळ सकाळी किती वेळ थांबायचं, हे कुठल्याही यंत्राला शिकवता आलं नव्हतं. शिकवणार कोण? बायांनाही ते शब्दांत सांगता येत नव्हतं. ते त्यांच्या बोटांना ठाऊक होतं.

पराग लावून झाला की फुलामागच्या पाच हिरव्या पाकळ्यांपैकी दोन खुडायच्या, हा कंपनीचा नियम. फळ पिकून लाल झालं तरी खुडलेल्या पाकळ्या तशाच राहतात, म्हणजे हे हातानं लावलेलं फळ आहे, याचंच बी घ्यायचं, हे कळतं. बायांनी या नियमात आपली रीत मिसळली होती. नवी बाई ओळीत उभी राहिली की जुनी बाई तिला खुडण्याची वेगळी तऱ्हा द्यायची, आणि ती तऱ्हा जन्मभर तिची. तिला खूण म्हणायचे. हजार फळांच्या ढिगातून आपलं फळ ओळखता यायचं ते त्या खुणेवरून. द्वारकाला तिच्या सासूनं चंद्रकोर दिली होती. शेजारशेजारच्या दोन पाकळ्या अशा तिरप्या खुडायच्या की दोन्ही मिळून एक बाक व्हावा. तिच्या शेजारच्या ओळीत कैक वर्षं काम केलेल्या मथुरेची खूण होती कोतवालाची शेपटी. पाकळीच्या टोकाला मधोमध चीर, कोतवाल पक्ष्याची शेपटी दुभंगलेली असते तशी. मथुरेचा नवरा वारल्यावर ती टाकरवाडीला माहेरी गेली आणि तिथल्या रानात लागली. टाकरवाडीचं रानही याच कंपनीचं.

कंपनी डॉ. शरयू बंगाळेंची. शरयूबाई नसांच्या शास्त्रज्ञ होत्या आणि मालकीणही. दोन वर्षांपूर्वी त्या तीन दिवस द्वारकाच्या ओळीत प्लास्टिकच्या स्टुलावर बसून नुसत्या बघत होत्या. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "द्वारकाताई, मला तुमच्या हाताचं वळण शिकायचंय."

"अक्षराला वळण असतं मॅडम. माह्या हाताला कुठलं?"

"त्यालाही असतं. तुम्ही चिमटा धरता तेव्हा मेंदूकडून बोटांकडे इवल्याशा विजेचे निरोप जातात. दाब एवढाच, वळ इकडे, थांब. हा पट्टा ते निरोप ऐकेल. ऐकून ऐकून यंत्राला कळेल, की अशी कळी दिसली तर द्वारकाबाईंनी काय केलं असतं. त्यालाच मी वळण म्हणते."

"मंग एकदा शिकलं की पट्टा सोडायचा?"

"नाही सोडायचा. फुलं रोज बदलतात. कालचं वळण आजच्या हवेला चालत नाही. तुम्ही रोज बांधलात तर ते ताजं राहील."

ओळीतल्या बायांनी तिची खूप मस्करी केली, की इतक्या वयात बाईला वळण लावायला कुणीतरी मिळालं. द्वारका हसली, पण मनात कुठंतरी तिला भरून आलं होतं. चाळीस वर्षं लोकांनी तिची फळं मोजली होती. हाताकडे निरखून पाहणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं होतं. शरयूबाईंनी पुढं केलेल्या उजळत्या काचेच्या पाटीवर तिनं अंगठा टेकवला. पाटीवर बरंच काही लिहिलेलं होतं. तिनं वाचलं नाही, आणि तिला कुणी वाचून दाखवलंही नाही.

पहिल्या वर्षी काही वाटलं नाही. दुसऱ्या वर्षी हात जड व्हायला लागले. रान तेच, ओळी तेवढ्याच, पण दुपारी पट्टा सोडला की बोटं अशी भरून यायची जशी काही दोन माणसांची धुणी एकटीनं धुतली असावीत. पुढं पुढं पीठ मळताना तिची बोटं आपोआप कणकेचा कडेचा भाग चिमटीत धरून तिरपा खुडायला लागली. सून म्हणाली, आत्या, पोळ्यांना चंद्रकोरी कशाला पाडता? द्वारका म्हणाली, वय झालं, दुसरं काय.

वय झालं नव्हतं हे कळलं ते मथुरेमुळं. ती एका लग्नाला म्हणून आली होती आणि वाट वाकडी करून द्वारकाकडं उतरली. चहा व्हायच्या आत तिनं पिशवीतून एक लालबुंद टोमॅटो काढून तिच्या पुढ्यात ठेवला.

"काहून गं, चोरून आमच्या रानात येऊन जातीस, अन् मला भेटत बी नाहीस?"

द्वारकानं टोमॅटो उलटा केला. देठाशी सुकलेल्या दोन पाकळ्या, तिरप्या, मिळून एक बाक. तिची चंद्रकोर. तिच्या सासूची.

मथुरेनं मग सगळं सांगितलं. टाकरवाडीच्या रानात दीड वर्षापासून काचेचे हात आले होते, छतावरच्या रुळांवरून सरकणारे. आधी तिथं बारा बाया होत्या. आता दोघी उरल्या होत्या, गळलेली पानं झाडायला आणि पिकलेली फळं तोडायला. मथुरा त्यांतली एक. पहिलं फळ तोडलं तेव्हाच तिनं ती खूण ओळखली होती. तिला वाटलं होतं, द्वारकाला सगळं ठाऊक आहे आणि ती त्याचे भरपूर पैसे घेते आहे. हे शेवटचं तिनं हसत हसत सांगितलं, पण टोचायचं तेवढं टोचलं.

दुसऱ्या दिवशी द्वारकानं ओळीत पट्टा बांधला नाही. तो टोमॅटो पदराच्या गाठीत बांधून ती कंपनीच्या कचेरीकडं निघाली. बायांनी आपापले सल्ले दिले. एक म्हणाली, दुप्पट माग. दुसरी म्हणाली, काही मागू नकोस, वळण त्यांच्याकडं आहे, उद्या तुला घरी बसवतील आणि तुझेच हात तुझ्या जागी लावतील. हे बोलणं द्वारकाच्या मनात रुतलं. खरंच तसं करतील का, हे तिला ठाऊक नव्हतं. तरी ती गेली.

शरयूबाईंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. द्वारकानं गाठ सोडून टोमॅटो टेबलावर ठेवला, देठाची बाजू वर करून. शरयूबाईंनी चष्मा कपाळावर चढवला, फळ डोळ्यांजवळ नेलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. त्यांना खुणा ओळखता येत होत्या. तीन दिवस ओळीत उगाच बसल्या नव्हत्या त्या.

"किती रानं हायेत मॅडम?"

"एकोणचाळीस." शरयूबाईंनी खोटं बोलण्याचा प्रयत्न केला नाही. "पाटीवर लिहिलेलं होतं, पण मी तुम्हाला वाचून दाखवलं नाही. ती चूक माझी."

"अन् मला रोज एकाच रानाचा."

शरयूबाईंनी शास्त्रज्ञासारखंच उत्तर दिलं. म्हणाल्या, तुमचा हात पूर्वी जितका हलत होता तितकाच आज हलतो. एकही फूल तुम्ही जास्त लावत नाही. विहिरीचं पाणी दहा शेतांत गेलं म्हणून विहिरीला दहापट कष्ट पडत नाहीत. वळणही तसंच आहे. ते वाटलं तरी तुमच्याकडचं कमी होत नाही.

द्वारकानं उजवा हात टेबलावर पसरला. बोटांची टोकं सुजली होती, चिमट्याच्या घट्ट्यांच्या पलीकडं.

"मंग हे कशापाई दुखतात?"

"वयानं..."

"मॅडम, माह्या पट्ट्यात परत काही येतं का?"

शरयूबाई सावध झाल्या. येत होतं. त्याला त्या परतस्पर्श म्हणायच्या. काचेचं बोट दूरच्या रानात कळीला टेकलं की ती कळी कशी लागली याचा निरोप पट्ट्यात परत यायचा, आणि पट्टा मनगटाच्या नसेला अगदी हलकेच टिचकी मारायचा. ती टिचकी जाणवण्यासारखी नव्हती. सायकलवर आपण तोल सांभाळतो पण सांभाळतोय हे कळत नाही, तसा द्वारकाचा मेंदू नकळत चूक दुरुस्त करायचा आणि वळण ताजं राहायचं. त्यांच्या मोजमापानुसार ती टिचकी माणसाला कळणं शक्य नव्हतं.

"मला कळतं," द्वारका म्हणाली. "एक रान लई ओलं हाय. एक कोरडं. एका ठिकाणी कळ्या लौकर उमलतात. मला वाटायचं माह्याच रानातल्या ओळी हायेत त्या."

शरयूबाईंच्या चेहऱ्यावरची मालकीण मागं सरली आणि शास्त्रज्ञ पुढं आली. त्यांनी पट्टा आणवून द्वारकाच्या मनगटाला बांधला आणि तिला डोळे मिटायला सांगितलं. आपल्या पाटीवरून त्यांनी एकेक रान उघडायला सुरुवात केली. कुठलं ते सांगितलं नाही.

द्वारका डोळे मिटून बसली. एरवी वाऱ्यानं हलणाऱ्या फुलावर नेम धरताना तिच्या कपाळावर जशी बारीक आठी पडायची, तशी आता पडली.

"हे ओलं. इथं धुकं असतंय का? पाकळी जड लागती."

ते रान निलगिरीच्या उतारावर होतं. शरयूबाईंनी दुसरं उघडलं.

"हे वाळूचं. कळी कोरडी, पण निरोगी. कुणीतरी नीट पाणी देतंय."

तिसरं.

द्वारकाचा हात आखडला. "इथं दोन दिवस पाणी नाही दिलेलं. कळी कागदासारखी झालीय. आज नाही दिलं तर फुलं गळतील बाई, कुणाला तरी सांगा."

शरयूबाईंनी तिथं फोन लावला. मोटार परवापासून बंद होती आणि तिथल्या माणसाला ते ठाऊकच नव्हतं, यंत्र सगळं ठीक दाखवत होतं. फोन ठेवून त्या द्वारकाकडं बघत राहिल्या. त्यांनी आयुष्यभर नसांचा अभ्यास केला होता, पण अशी नस त्यांच्या पाहण्यात नव्हती. शेकडो कोसांवरची तहान या बाईच्या बोटांना लागली होती. एकोणचाळीस रानांतल्या स्पर्शांचं ओझं दोन वर्षं तिनं एका मनगटावर वाहिलं होतं, आणि वर आपलं वय झालं म्हणून स्वतःलाच बोल लावला होता.

"तुमचं खरं आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हात एकच हलतो. पण काम तुम्ही एकोणचाळीस ठिकाणी करता. मला हे कळायला हवं होतं."

मग त्यांनी मोकळ्या मनानं बोलणी केली. यंत्रांचा खर्च, विजेचा खर्च, बियाण्याचा भाव, सगळं उघडं करून दाखवलं. शेवटी म्हणाल्या, दर रानामागे एका बाईचा पूर्ण रोज, म्हणजे एकोणचाळीस रोज तुम्हाला. मागच्या दोन वर्षांचेही देईन. कंपनीच्या मंडळाला मी पटवते.

द्वारकाच्या घरात एवढा पैसा कुणी पाहिला नव्हता. तिनं लगेच हो म्हणायला तोंड उघडलं, आणि तिच्या डोळ्यांपुढं मथुरा आली, फळं तोडणारी.

"एका रानात किती बाया व्हत्या आधी?"

"बारा."

"अन् आता दोन. मागच्या दोन वर्षांचं द्या मॅडम, ते माहे कष्ट हायेत, ते मी सोडायची नाही. पण पुढचं असं नको. एका मनगटावर एकोणचाळीस रानं घालू नका. त्या त्या रानातल्या एका बाईला पट्टा द्या. तिच्या रानातला स्पर्श तिच्या हाताला येऊ द्या, अन् तिथला रोज तिला. वळण माहं हाय, त्यापायी दर रानामागं रोजाचा चौथा हिस्सा मला. बास."

"तुमच्या हातात किती कमी येईल, कळतंय ना?"

"कळतं की. पण पीठ मळताना माही बोटं माही राहतील."

शरयूबाईंनी कागद नव्यानं केला आणि या वेळी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून दाखवला. दोन ठिकाणी द्वारकानं त्यांना थांबवलं आणि शब्द बदलायला लावले. निघताना शरयूबाई तिच्यासोबत फाटकापर्यंत चालत आल्या. कचेरीतल्या लोकांनी मालकिणीला असं कुणाला पोचवायला जाताना पाहिलं नव्हतं.

एकोणचाळीस गावांत एकोणचाळीस बायांना पट्टे गेले. टाकरवाडीत तो मथुरेला मिळाला. द्वारकाचे हात महिन्याभरात हलके झाले. पोळ्यांच्या कडा गोल झाल्या. ओळीतल्या बाया तिला आता मस्करीनं वकिलीणबाई म्हणायच्या, आणि तीही ओ द्यायची.

संक्रांतीला मथुरा तिळगूळ घेऊन आली. तिच्या अंगावर नवं लुगडं होतं. म्हणाली, रोज वेळेवर मिळतो, पट्टा मिळालेल्या बाकीच्याही खूश आहेत. मग तिनं पिशवीतून चार टोमॅटो काढले. हे रानातले नव्हते. तिच्या परसात मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या झाडांचे होते. गंमत म्हणून तिनं चार फुलांना स्वतः पराग लावून पाकळ्या खुडल्या होत्या. तिथं यंत्र नव्हतं आणि हाताला पट्टाही नव्हता.

द्वारकानं एकेक फळ उलटं केलं. चारही फळांवर चंद्रकोर.

"म्या नाही मुद्दाम केलं," मथुरा म्हणाली. "हातच तसा वळतो. द्वारके, माही खूण कशी होती गं?"



दुसऱ्या दिवशी दोघी शरयूबाईंकडं गेल्या. शरयूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि बाकीच्या अडतीस गावांत फोन लावले. सगळीकडून तेच उत्तर आलं. एक बाई म्हणाली, लेकीची वेणी घालते ती वेगळीच येते, घट्ट आणि डावीकडून. द्वारकाही आपल्या लेकीची वेणी अशीच घालायची. दुसरी कणीक मळताना सात वेळा दाबून मग बोटांवर फुंकर मारायला लागली होती, तीही द्वारकाचीच सवय.

"पट्टा हाताला विचारतो, असं लागलं, आता काय करू?" शरयूबाई सांगत होत्या, पण आवाज खाली गेला होता. "आणि हातानं द्वारकाबाईंसारखं उत्तर दिलं की वळण जुळतं, टिचकी थांबते. नाही दिलं तर टिचकी चालू राहते. मला वाटलं, बाया वळण ताजं ठेवतायत. वळणच बायांना शिकवत होतं. ते मी बंद करू शकते. आजच."

"बंद नका करू," मथुरा लगेच म्हणाली. "रोज चांगला हाय."

शरयूबाईंनी द्वारकाकडं पाहिलं. द्वारका मथुरेला घेऊन आपल्या रानात आली. दुपारचं ऊन शेडनेटच्या जाळीतून गाळून ओळींवर पडलं होतं. तिनं एक उमललेलं फूल तोडलं आणि तळहातावर उलटं ठेवलं.

"तुही खूण कोतवालाची शेपटी. बघ. पाकळीचं टोक असं धरायचं, मधोमध चीर द्यायची. तूच मला कितीदा दाखवलीस."

तिला ती खूण लख्ख आठवत होती. कोणत्या उन्हाळ्यात, कोणत्या ओळीत मथुरेनं ती पहिल्यांदा खुडली, तेही आठवत होतं. तिनं चिमट्यानं पाकळी धरली. बोटं सरळ गेली, टोकाशी आली, आणि मग कुणी हात धरून वळवावा तशी तिरपी झाली.

मथुरा वाकून बघत होती. तिनं दुसरं फूल तोडलं, जीभ दातांत धरून, एकेक पाकळी मोजून खुडलं आणि द्वारकाच्या फुलाशेजारी ठेवलं. वाऱ्याच्या झुळकेनं तळहातावरची फुलं थोडी हलली, एकमेकांत मिसळली, आणि त्यांतलं मथुरेचं कोणतं हे दोघींनाही सांगता येईना.